एका धडाक्याची कुळकथा

दिवाळीच्या चार दिवसांत मराठी भाषेचा एक एरवी दबून राहणारा भाग मोठ्या हौसेने बाहेर पडतो. लवंगीची माळ तडतडते, भुईचक्र भिरभिरते, बाण सुर्रकन वर जातो, सुतळी बाँब 'धुडुम्' करून शेजारच्या खिडक्यांची तावदाने हादरवतो, आणि वात जळूनही न उडालेला फटाका 'फुस्स' होऊन मुलांचा हिरमोड करतो. फटाका हे नावच मुळी 'फट्' या आवाजाच्या पोटी जन्मलेले. सणाचे वर्णन करावयास बसलेला लेखक कितीही गंभीर असो, दोन वाक्यांच्या आत त्याला या शब्दांच्या दारी जावेच लागते.

सण संपला की हे शब्द पुन्हा आपल्या जागी जाऊन बसतात. ती जागा काही मानाची नव्हे. शाळेच्या व्याकरणात 'अभ्यस्त शब्द' नावाचे एक प्रकरण असते. त्यात पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि त्यांच्या मागोमाग 'अनुकरणवाचक' असे तीन वर्ग पाडलेले असतात. कडकडाट, गडगडाट, खळखळ, किरकिर अशी पाचदहा उदाहरणे पाठ केली, परीक्षेतला एक प्रश्न सुटला, की या वर्गाशी विद्यार्थ्याचा संबंध संपला. निबंधात एखाद्या पोराने 'दार धाडकन लागले' असे लिहिले, तर त्याखाली लाल रेघ ओढून 'दार जोराने बंद झाले' अशी दुरुस्ती करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. आवाजाची नक्कल ही लहान मुलांची भाषा, आणि शाळा ही मोठे होण्याची जागा, असा त्यांचा साधा हिशेब असतो.

हा हिशेब बरोबर आहे की नाही हे पाहावयाचे, तर घरचा शब्द न घेता परक्या घरचा एखादा घ्यावा. घरच्या माणसाचे गुण घरच्यांना लवकर दिसत नाहीत. म्हणून मी इंग्रजीतला 'बँग' हा शब्द निवडला आहे. तोही याच गोतातला. एक वस्तू दुसरीवर जोराने आदळली की जो आवाज होतो त्याची ही नक्कल. खेळातली बंदूक रोखून इंग्रज घरातले पोर हाच शब्द ओरडते. आणि तरीही, विश्वाच्या आरंभाविषयीचा जो सिद्धांत विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी जवळजवळ एकमुखाने मान्य केला, त्याच्या कपाळावर हाच पोरकट शब्द कायमचा गोंदला गेला. अंगणातला शब्द इतक्या उंच आसनावर कसा जाऊन बसला, आणि तो मराठीत येताना त्याचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

२

कोशकारांच्या मते 'बँग' इंग्रजी लेखनात सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास दिसू लागतो. त्याचे माहेर उत्तरेकडचे असावे. प्राचीन नॉर्स भाषेत 'बंगा' म्हणजे ठोकणे, हातोडीने घाव घालणे. यातली मौज अशी की, आज हा शब्द ऐकला की आपल्याला बंदूक किंवा बाँब आठवतो. पण याचा पहिला संसार झाला तो लोहारसुतारांच्या हातोडीशी. आरंभी त्याचा अर्थ 'आवाज' असा नव्हताच. त्याचा अर्थ होता 'तडाखा'. आवाज हा त्या तडाख्याच्या मागून येणारा. आणि केवळ आवाज, स्फोटाचा आवाज, हा अर्थ तर पुष्कळच उशिरा, कामाचे ओझे उतरल्यावर या शब्दाला लाभला.

शेक्सपिअरने हा शब्द वापरला आहे. 'ऑथेल्लो'त वादळ तुर्कांच्या आरमाराला झोडपून काढते, ते याच क्रियापदाने. 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये एका तरुणाला बोलून असे गप्प करावयास हवे होते की त्याची वाचाच बसावी, असे एक पात्र म्हणते. तेथेही क्रियापद हेच. गोंगाटाचा शब्द मुके करण्यासाठी वापरला, ही गंमत नाटककाराच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नसेल. पण सर्वांत लक्षात राहतो तो 'ज्यूलियस सीझर'मधला प्रसंग. सीझरच्या खुनानंतर पिसाळलेला जमाव रस्त्यात सिन्ना नावाच्या कवीला गाठतो. लग्न झाले आहे की नाही, या प्रश्नावर तो, आपण शहाणपणाने ब्रह्मचारी राहिलो आहोत, असे सांगतो. त्यावर एक नागरिक लग्न केलेल्यांच्या वतीने त्याला एक 'बँग' कबूल करतो, म्हणजे एक रट्टा. प्रेक्षक हसतात. पुढच्याच क्षणी, कटवाल्यांपैकी एकाचे नावही सिन्ना आहे एवढ्या कारणावरून, तो जमाव या निरपराध कवीवर तुटून पडतो. तो कळवळून सांगतो की मी तो सिन्ना नव्हे, मी कवी सिन्ना. पण नाव तेच ना, मग पुरे, असा जमावाचा न्याय. विनोदी रट्ट्यापासून खऱ्या रक्तापर्यंतचे अंतर किती थोडे असते, हे त्या एका हलक्या शब्दाने जितके जाणवते तितके एखाद्या भारदस्त शब्दाने जाणवले नसते.

म्हणजे हा शब्द मोठ्यांच्या पंगतीत पहिल्यापासूनच बसत आला. त्याला कोणी लाल रेघ ओढली नाही.

३

येथे कोणी विचारील की, हे शब्द खरोखरच आवाजातून जन्मतात कशावरून? प्रश्न जुना आहे, आणि तो आपल्याकडे इंग्रजी भाषा जन्माला येण्याच्या कितीतरी आधी विचारला गेला आहे. यास्काचार्यांच्या निरुक्तात 'काक' या शब्दाची चर्चा आहे. कावळ्याच्या ओरडण्याचे हे अनुकरण होय, आणि पाखरांच्या नावांत अशी अनुकरणे फार, असे यास्क म्हणतात. लगेच तेथे औपमन्यव नावाच्या दुसऱ्या आचार्यांचे मत नोंदले आहे: शब्दानुकरण असे काही नसतेच, प्रत्येक नावाला धातू असतो, तो शोधावा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा वाद वाचताना आपण एखाद्या साहित्य संमेलनाच्या मांडवात बसलो आहोत असे वाटते.

युरोपात हा वाद एकोणिसाव्या शतकात रंगला. ऋग्वेदाचे संपादक मॅक्समुल्लर यांनी १८६१ साली लंडनमध्ये भाषाशास्त्रावर व्याख्याने दिली. मनुष्याची भाषा प्राण्यांच्या आवाजाच्या नकलेतून निघाली, हे मत त्यांना मुळीच पटत नसे. त्याची टर उडवण्यासाठी त्यांनी त्याला 'बाउ-वाउ' सिद्धांत असे नाव दिले. आपण म्हणू, 'भू-भू' सिद्धांत. ते मत मागे पडले, पण नाव काही गेले नाही. ज्याला हसावयाचे त्याला कुत्र्याच्या भुंकण्याचे नाव द्यावे, आणि त्याच नावाने ते पोथीत अमर व्हावे, असा हा प्रकार. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचा उपयोग पुढे आहे.

दोन्ही आचार्यांचे थोडेथोडे खरे आहे. इंग्रजीत कबुतराला 'पिजन' म्हणतात. या शब्दात आज कसलाही आवाज ऐकू येत नाही. पण मागे मागे जावे तर लॅटिनमधल्या 'पिपिओ'पाशी, म्हणजे चिवचिवणाऱ्या पिलापाशी आपण पोचतो. हा शब्द आवाजातून जन्मला आणि वाटेत आवाज हरवून बसला. उलट, कानाला आवाजासारखे वाटणारे सगळेच शब्द आवाजाचे नसतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'बँग' असाच लिहिलेला आणखी एक शब्द सापडतो. अँग्लो-इंडियन शब्दांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ सालच्या कोशात त्याला जागा आहे. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात तो 'बांगे' या रूपाने येतो. हा 'बँग' म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली भांग! नकलेवरून व्युत्पत्ती सांगणाऱ्या उत्साही माणसाने या शब्दाला तोफेचा नातू ठरवला असता.

आणखी एक गोष्ट. तोच आवाज प्रत्येक भाषेला निराळा ऐकू येतो. इंग्रजाला 'बँग' ऐकू येते तेथे जर्मन माणसाला 'क्नाल' ऐकू येते आणि आपल्याला धाड, धडाम, धुडुम्, ठो. एवढेच कशाला, आपल्या कानाला यांतही फरक कळतो: दार धाडकन लागते, मडके फटदिशी फुटते, बंदूक ठो वाजते. कान सगळ्यांचे सारखे, पण ऐकणे ज्याच्या त्याच्या भाषेचे. याचा अर्थ असा की ध्वनिशब्द ही आवाजाची छबी नव्हे. तो आवाजाकडे पाहून भाषेने केलेला हावभाव आहे.

४

हावभाव एकदा अंगवळणी पडला की माणूस तो नको तेथेही करतो. 'बँग'चे तसेच झाले. दार आपटण्याला बँग. टेबलावर मूठ आपटण्याला बँग. घाव जसा नेमका बसतो तसे काही नेमके घडले की तेही 'बँग': गाडी अगदी ठोक्याला आली, घर बरोबर गावाच्या मध्यावर आहे, अशा वाक्यांत हा शब्द क्रियाविशेषण होऊन बसतो. अमेरिकेत कपाळावर सरळ रेषेत कापलेल्या केसांना 'बँग्ज' म्हणतात. घोड्याचे शेपूट एका घावात सरळ छाटण्याच्या पद्धतीवरून हे आले असे सांगतात. छापखान्यातले लोक उद्गारचिन्हालाच 'बँग' म्हणू लागले, आणि १९६२ साली मार्टिन स्पेक्टर नावाच्या एका जाहिरातवाल्याने प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह एकावर एक चढवून नवे चिन्ह काढले, तेव्हा त्याचे नाव ठेवले 'इंटरोबँग'. आणखीही काही अर्थ आहेत. ते दिवाळी अंकात सांगण्याजोगे नाहीत.

कवितेतही तो गेला. टी. एस. एलियट यांच्या 'द हॉलो मेन' या १९२५ सालच्या कवितेचा शेवट प्रसिद्ध आहे. जगाचा अंत कसा होईल हे सांगताना कवीने तेथे दोन ध्वनिशब्द समोरासमोर उभे केले आहेत; एक हा धडाका, आणि दुसरा केविलवाणे कण्हणे. पहिल्या महायुद्धाच्या तोफा ऐकून कान किटलेल्या पिढीला त्या दोन आवाजांपलीकडे काही सांगावे लागले नाही. सृष्टीच्या अंताशी या शब्दाचे नाव असे जोडले गेले. आरंभाशी जोडले जावयास अजून चोवीस वर्षे होती.

५

आधुनिक विश्वशास्त्रात, विश्व एका अत्यंत दाट अवस्थेतून प्रसरण पावत आले, ही कल्पना प्रथम ठामपणे मांडली ती जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूने. तो गणितज्ञही होता. १९३१ साली त्याने 'आदिम अणू'ची कल्पना मांडली. या माणसाला उपमेची दृष्टी होती. आजचे विश्व म्हणजे नुकतीच संपलेली आतषबाजी. आपण एका थंडावलेल्या निखाऱ्यावर उभे राहून विझत चाललेल्या सूर्यांकडे पाहत आहोत, अशा अर्थाचे चित्र त्याने रंगवले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री उशिरा अंगणात उभ्या राहिलेल्या माणसाला ते चित्र समजावून सांगावयास नको. पण लमेत्रच्या चित्रात रंग होता, धूर होता, आवाज नव्हता.

आवाज घातला तो विरोधकाने. फ्रेड हॉइल हा यॉर्कशरचा, लोकरीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. केंब्रिजमध्ये गणित शिकवी, रोखठोक बोले, आणि पुढे कादंबऱ्याही लिहू लागला. विश्वाला आरंभच नाही, ते होते तसेच आहे, आणि प्रसरणाने पडणारी पोकळी नव्या द्रव्याने भरून निघते, असा 'स्थिर स्थिती'चा सिद्धांत त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी १९४८ साली मांडला होता. २८ मार्च १९४९ रोजी बीबीसीवरून त्याचे भाषण झाले. प्रतिपक्षाची बाजू सांगताना तो म्हणाला की, हे लोक असे मानतात की सारे द्रव्य दूरच्या भूतकाळात एका ठरावीक क्षणी एकाच 'बिग बँग'मध्ये निर्माण झाले. शब्द पडला तो असा. टर उडवण्यासाठी हॉइलने तो वापरला असे बहुतेकांनी मानले. स्वतः तो पुढे म्हणत असे की थट्टा मनात नव्हती, रेडिओ ऐकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर चित्र उभे राहावे एवढाच हेतू होता. मला त्याचे म्हणणे पटण्यासारखे वाटते. रेडिओवर फळा नसतो, खडू नसतो; चित्र काढावयाचे ते आवाजानेच. वर्गात रोज बोलणाऱ्या माणसाला ही अडचण चांगली ठाऊक असते.

पहिली पंधरावीस वर्षे शास्त्रज्ञांनी या नावाला फारशी दाद दिली नाही. मग एक विलक्षण गोष्ट घडली. अमेरिकेत न्यू जर्सीत बेल प्रयोगशाळेचे दोन शास्त्रज्ञ, पेंझियास आणि विल्सन, १९६४ साली एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करीत होते. त्यांना एक बारीक खरखर सतावू लागली. अँटेना कोणत्याही दिशेला वळवा, दिवस असो की रात्र, खरखर तीच. आत कबुतरांनी घर केले होते. त्यांची घाण धुऊन काढली, कबुतरे धरून दूर धाडली, ती परत आली. खरखर काही जाईना. ती होती विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या उष्णतेची उरलेली ऊब, निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे तीन अंश, आकाशाच्या सर्व दिशांनी सारखी येणारी. १९६५ साली हे प्रसिद्ध झाले, आणि स्थिर स्थितीचा पाया खचला. १९७८ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या गोष्टीतले शब्द पाहा. धडाक्याचा पुरावा म्हणून सापडली ती खरखर. आणि ती शोधताना वाटेत आड आले ते चिवचिवाटाच्या कुळातले 'पिजन'!

हॉइलच्या बाजूला उभा असलेला एक तरुण या सुमारास जगाला माहीत झाला होता, तो आपल्या कोल्हापूरचा. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले आणि हॉइलचे विद्यार्थी झाले. १९६४ साली गुरुशिष्यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत गाजला. पुरावा विरुद्ध गेल्यावरही दोघांनी शंका विचारणे सोडले नाही. हॉइल २००१ साली आणि नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. दोघेही शेवटपर्यंत या रूढ सिद्धांताचे टीकाकार राहिले. म्हणजे ज्याने नाव दिले त्यानेच ते मूल कधी मांडीवर घेतले नाही.

त्या नावावर आक्षेप पुष्कळ आहेत, आणि ते खरे आहेत. ते 'बिग' नव्हते. आज आपल्याला दिसते तेवढे सारे विश्व तेव्हा कल्पनेपलीकडे लहान जागेत होते. ते 'बँग'ही नव्हते; अवकाशात कोठेतरी एका जागी फुटलेला तो बाँब नव्हे, अवकाशच सर्वत्र ताणले जाऊ लागले. मुले वर्गात विचारतात, 'गुरुजी, तो आवाज ऐकला कोणी?' आणि 'फुटला तो कोठे?' हे दोन्ही प्रश्न त्या नावानेच त्यांच्या तोंडी घातलेले असतात. खरे तर आरंभीची सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे विश्वातल्या तप्त द्रव्यातून दाबाच्या लाटा, म्हणजे एका अर्थी ध्वनीच्याच लाटा, धावत होत्या आणि त्यांच्या खुणा आजही मोजता येतात. पण तो धडाका नव्हे. त्याला घुमणे म्हणता येईल फार तर. 'स्काय अँड टेलिस्कोप' या अमेरिकन मासिकाने १९९३ साली नव्या नावासाठी स्पर्धाच लावली. ४१ देशांतून १३,०९९ नावे आली. कार्ल सेगन हे परीक्षकांपैकी एक होते. एकही नाव जुन्या नावाला हटवण्याच्या योग्यतेचे ठरले नाही, आणि बक्षीस कोणालाच दिले गेले नाही.

मॅक्समुल्लरांच्या 'भू-भू'सारखाच हाही प्रकार झाला. सिद्धांत जिंकला तो पुराव्यावर, नावावर नव्हे. हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण नाव जिंकले ते स्वतःच्या बळावर. एका घासात तोंडात मावणारे, पोराला कळणारे आणि विसरू म्हटले तरी न विसरणारे असे ते होते. पुढे १९८६ च्या ऑक्टोबरात लंडनच्या शेअर बाजाराचे जुने निर्बंध एका दिवसात उठले, त्यालाही हेच नाव मिळाले. आणि २००७ ते २०१९ एवढा काळ चाललेल्या एका अमेरिकन विनोदी मालिकेने ते घरोघरच्या दिवाणखान्यात नेले.

६

आता आपल्या घरी येऊ. जर्मन भाषेने या कल्पनेला 'उरक्नाल' म्हटले, म्हणजे आदिधडाका. आपला घरचा ध्वनिशब्दच पुढे केला. फ्रेंचांनी इंग्रजी नाव जसेच्या तसे उचलले. मराठीने म्हटले, 'महास्फोट'.

या नावाची थट्टा करण्याचा माझा विचार नाही. 'महाधडाका' म्हटले असते तर दिवाळीतल्या कापडदुकानाच्या सवलतीची जाहिरात वाटली असती, हे मला कळते. शिवाय 'स्फोट' हा साधा शब्द नव्हे. 'स्फुट्' म्हणजे फुटणे, पण कळी फुटणेसुद्धा. आपले 'फुटणे' त्याच घरचे. पालवी फुटते, कंठ फुटतो, पहाट फुटते. आणि आपल्या वैयाकरणांनी तर या शब्दाला फार मोठ्या पदाला चढवले. पतंजलींनी ध्वनी आणि स्फोट वेगळे केले. भर्तृहरींनी 'वाक्यपदीया'त सांगितले की, ध्वनी क्रमाने येतो आणि विरून जातो. त्याच्यामुळे प्रकट होते ते अर्थाचे अखंड रूप, म्हणजे स्फोट. म्हणजे भाषांतर करणाऱ्याच्या मनात असो वा नसो, घडले ते असे: इंग्रजीने ध्वनी ठेवला, आपण स्फोट घेतला. अर्थाच्या बाजूने पाहिले तर आपले नाव मूळ नावापेक्षा खोल आहे.

मग तक्रार कशाची? तक्रार नावाची नाही, नावामागच्या सवयीची आहे. हॉइलला विश्वाविषयी बोलताना स्वयंपाकघरात आणि अंगणात वापरला जाणारा शब्द तोंडी आला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. आपण ज्ञानाची गोष्ट बोलू लागलो की घरचे कपडे उतरवून सोवळे नेसतो. घरची मराठी एका खोलीत आणि पुस्तकाची दुसऱ्या खोलीत, मधले दार बंद. मूल रोज त्या दारावर टकटक करते. नारळीकरांनी ते दार पुष्कळ उघडले, हे त्यांचे आपल्यावरील ऋण आहे. न पटणारा सिद्धांतसुद्धा त्यांनी 'आकाशाशी जडले नाते'सारख्या पुस्तकातून मराठी वाचकाला साध्या बोलीत समजावून दिला. पण एका माणसाच्या हाताला किती दारे पुरणार?

आणि 'आवाज नव्हता, मग आवाजाचे नाव कसे?' ही शंका दुसऱ्या कोणी घेतली तर घेवो. मराठी माणसाने घेऊ नये. दिव्यांचा लखलखाट कोणी ऐकला आहे काय? जरीची झगमग, भांड्यांची चकचक, यांत कोठला नाद? आपल्या भाषेने उजेडालासुद्धा ध्वनिशब्दाची घडण दिली. लेक सासरी जाताना आईला लागते ती हुरहुर, राहून गेलेल्या कामाची चुटपुट, परीक्षेच्या निकालाआधीची धाकधूक. मनाच्या या हालचालींना आवाज नसतो, पण त्यांना नावे मिळाली ती याच साच्यात. खटपट हा दोन वस्तूंच्या आपटण्याचा आवाज. तो सबंध आयुष्याच्या धडपडीचे नाव झाला. नाणे खणखणते, आणि माणसाचे उत्तर खणखणीत होते. रिकामे भांडे ठणठणते, आणि त्यातून निघालेला ठणठणपाळ जयवंत दळवींच्या लेखणीला लागून 'ललित'च्या पानांवर साहित्यिकांची रेवडी उडवीत बसतो. आणि या सर्वांवर कडी म्हणजे शुकशुकाट. जेथे काहीही ऐकू येत नाही, त्या निःशब्दतेलाही मराठीने कडकडाटाच्या आणि गडगडाटाच्या ओळीत बसवले.

ज्या भाषेला हे साधते तिला 'बँग'च्या पराक्रमाचे नवल वाटू नये. वाटावयाचा तर हेवा वाटावा. कारण बळ आपल्याकडे आहे, आणि ते आपण निबंधाच्या वहीत लाल शाईने खोडीत आहो. एका इंग्रज पाद्र्यांच्या काळातल्या कोशकाराला, मोल्सवर्थला, १८३१ साली मराठीतले असे शब्द मोकळ्या हाताने आपल्या कोशात घ्यावेसे वाटले. लोक बोलतात तो शब्द म्हणजे शब्द, एवढी त्याची समज होती. आपल्याला आज तेवढी असावयास हरकत नाही.

'महास्फोट' पाठ्यपुस्तकात राहू द्यावा. तो चांगला शब्द आहे. पण तो शिकवणाऱ्याने त्याच्या जोडीला धडाका, खरखर आणि घुमणे यांनाही वर्गात बसावयास जागा द्यावी, आणि उत्तरपत्रिकेत एखाद्या मुलाने लिहिले की 'विश्व धाडकन सुरू झाले असे पुष्कळांना वाटते, पण ते तसे नव्हे, ते हळूच सगळीकडून फुलत गेले', तर त्या 'धाडकन'खाली रेघ ओढू नये. शास्त्र त्याला समजले आहे, आणि भाषाही.